अंगठ्याएवढा बाप

माजिवड्याला मढवींच्या हॉलमध्ये दोन फुटांची सागवानी चौकट होती. तिला सोनेरी पट्टी होती, भोवती बारीक दिव्यांची माळ होती, वर चंदनाचा हार होता आणि या सगळ्या थाटाच्या मधोमध अंगठ्याएवढा भिवा होता.

भिवा म्हणजे गोपीनाथ मढवीचा बाप. मिठागराच्या हजेरीपासासाठी काढलेला त्याचा तो एकुलता एक फोटो. त्यात एक टोपी दिसे, टोपीखाली दोन काळे ठिपके दिसत आणि ठिपक्यांखाली जे काही होतं ती मिशी असेल किंवा सावली असेल. ज्याला जे हवं ते त्याने पाहून घ्यावं, एवढी सोय त्या फोटोत होती. गोपीनाथला त्यात आपलं नाक दिसे. कानांचा विषय मात्र तो काढत नसे, कारण त्याचे स्वतःचे कान सुपासारखे होते आणि त्याबद्दल बोलायला त्या घरात बंदी होती.

भिवा काविळीच्या साथीत गेला तेव्हा गोपीनाथ दीड वर्षाचा होता. आई तो सात वर्षांचा असताना गेली. पुढे मिठागराचं ऑफिस बंद झालं, तेव्हा अठरा वर्षांचा गोपीनाथ कारकुनाकडून बापाचा फोटो मागून घेऊन आला. पास सरकारजमा झाले होते, पण कारकुनाने त्यांवरचे फोटो सोलून एका पाकिटात ठेवले होते. त्यातला एक त्याने गोपीनाथच्या हातावर ठेवला. तेव्हापासून बाप कसा होता हे गोपीनाथला त्या फोटोवरून जेवढं कळेल तेवढंच माहीत.

रोज अंघोळ झाली की तो फोटोपुढे हात जोडून म्हणे, "बाबा, लक्ष असू द्या." मग वळून खिडकीकडे तोंड करी आणि समोरच्या वैतींना दोन सणसणीत शिव्या देई. तिथे पूजा पूर्ण होई.

वैतींचा आजोबा गुणाजी आणि भिवा एकाच मिठागरावर कामाला होते. एकाच साथीत दोघेही गेले. दोघं जिवाभावाचे मित्र होते असं जुने लोक सांगत, पण जुने लोक काय, काहीही सांगतात. मिठागराशेजारच्या जमिनीच्या एका पट्ट्यावरून दोन्ही घरांचा ठाण्याच्या कोर्टात बावीस वर्षं दावा चालू होता. "सोबत जोडलेला फोटो माझ्या वडिलांचा आहे" असं गोपीनाथने शपथेवर लिहून दिलं होतं. वैतींनीही आपल्या गुणाजीचा फोटो जोडून तेच लिहून दिलं होतं. कोर्टाने दोन्ही फोटोंच्या, चौकटीवरूनच काढलेल्या, प्रती फाइलला लावल्या आणि पुढची तारीख दिली. तेव्हापासून कोर्ट तारखाच देत होतं.

अशात त्या साली गल्लीच्या तोंडावरच्या चौकाला नाव द्यायचं निघालं. अर्ज दोनच. एक भिवाच्या नावाचा, एक गुणाजीच्या नावाचा. आणि अचानक गुणाजीचा नातू प्रशांत वैती याने आपला अर्ज मागे घेतला. का, ते कोणाला सांगितलं नाही.

"घाबरला," गोपीनाथ म्हणाला, आणि त्याने पेढे वाटले. वैतींच्या दारापुढे जरा जास्त वेळ उभं राहून वाटले.

रविवारी फलकाचं उद्घाटन ठरलं. दहा बाय आठ फुटांचा फलक, त्यावर डावीकडे भिवाचा चेहरा, उजवीकडे चौकाचं नाव. सोमवारी गोपीनाथ मोबाइलवर भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून नाक्यावरच्या कमलेशच्या दुकानात गेला. कमलेश फ्लेक्स छापायचा. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, कोपरा धरून ओढला आणि डोकं हलवलं.

"नाना, फाटतोय."

"काय फाटतोय?"

"फोटो. मोठा केला की चौकोन चौकोन होतात. बघा ना."

गोपीनाथने पडद्याकडे पाहिलं. "हा माझा बाप आहे का बाथरूमची फरशी?"

"दुसरा मोठा नाय का एखादा?"

"अरे, मी दीड वर्षाचा होतो तो गेला तेव्हा. त्याने काय सेल्फी काढून ठेवायला पायजे होते?"

"मग असं करू," कमलेश म्हणाला. "चेहरा जरा लहान ठेवू आणि टोपी मोठी करू. टोपी क्लिअर येते."

गोपीनाथ तिथून तरातरा घरी आला. हॉलमध्ये त्याचा मुलगा हर्षित लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. हर्षित वागळे इस्टेटमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं नोकरीला होता आणि तो तिथे नेमकं काय करतो, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढं लग्नाच्या बाजारात पुरत होतं. गोपीनाथचं म्हणणं, घरचे गाळे सांभाळायचे सोडून पोरगा दिवसभर स्क्रीनकडे बघतो.

"पप्पा, फोटो द्या, मी करतो," हर्षित सगळं ऐकून म्हणाला. "हेच तर काम आहे माझं."

"काय काम?"

"फोटोची साइज बदलायचं सॉफ्टवेअर. ते आपोआप फोटो लहान-मोठा करतं. मी त्याची क्वालिटी सुधारतो."

गोपीनाथ खाली बसला. "तीन वर्षं तू फोटो मोठे करतोस?"

"लहान पण करतो."

"आणि त्याला इंजिनियर लागतो?"

"फाटू न देता मोठा करायला लागतो."

"नाक्यावरचा झेरॉक्सवाला आधार कार्ड मोठं करून देतो. बारावी नापास हाय तो."

"द्या हो त्याच्याकडे," हर्षितची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "इतकं शिकलाय, एकदा तरी घरच्या कामाला येऊ दे."

हर्षितने फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकला. पडद्यावर चक्र गोल फिरू लागलं. फिरायचं थांबलं तेव्हा पडद्यावर एक गोरापान माणूस हसत होता. केस मागे वळवलेले, दाढी गुळगुळीत, बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी. चौकटीच्या काचेवर ट्यूबलाइट चमकली होती, तिचा सॉफ्टवेअरने सोनेरी काडीचा चष्मा करून दिला होता. टोपी त्याला आवडली नसावी, ती त्याने काढून टाकली होती.

गोपीनाथ बराच वेळ बघत राहिला. "बरा दिसायचा रे बाबा."

"हे मामंजी?" हर्षितची आई पदराला हात पुसत आली. "मिठागरावर जात असतील तर एसी गाडीतनं जात असतील. हा विमा विकणारा वाटतो मना."

गोपीनाथला विमा विकणाराही चालला असता. पण बायकोने एकदा म्हटल्यावर त्यालाही त्या माणसाच्या हातात पॉलिसीची बॅग दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी हर्षितने ऑफिसात मेघनाला तो फोटो दाखवला. मेघना त्याच्या टीमची मुख्य. कल्याणहून यायची. ती आधी हसली, मग गंभीर झाली, कारण हे सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात विकायला काढायचं होतं.

"लहान फोटोत जे नाहीच, ते हे मनाने भरतं," ती म्हणाली.

"म्हणजे बनवतं."

"अंदाज करतं असं लिहिलंय आपण माहितीपत्रकात. आणि आपण त्याला शिकायला फोटो कुठले दिलेले? शॅम्पूच्या जाहिरातीतले. त्या बिचाऱ्याने उन्हात काम केलेला माणूस बघितलाच नाही कधी. त्याला वाटतं, माणूस म्हटला की दात असतात."

"मग?"

"माणसं दाखव त्याला. माझ्या आजोबांचे गिरणीच्या गेटवरचे फोटो आहेत घरी, ते देते. तू तुझ्या गावातले आण. आणि काचेवरून मोबाइलने काय फोटो काढतोस? मूळ फोटो बाहेर काढ, चांगल्या मशीनवर स्कॅन कर. लहान फोटोत पण खूप काही असतं रे. आपण आणताना वाटेत सांडतो."

हर्षितच्या आईने दोन दिवसांत माजिवड्यातल्या तेरा घरांतून लग्नाचे अल्बम गोळा केले. सॉफ्टवेअरने हळदीला नाचणारी, जेवणाच्या पंगतीत बसलेली, फेटा डोळ्यांवर आलेली अशी चारशे माणसं बघितली आणि त्याची समजूत बरीच सुधारली. मूळ फोटो चौकटीतून काढणं मात्र सोपं नव्हतं. बेचाळीस वर्षांत भिवा तिथून हलला नव्हता. गोपीनाथने पंचांग बघितलं.

"बुधवारी बाराच्या आत परत बसवायचा," त्याने हर्षितला बजावलं. "नंतर राहुकाळ हाय."

हर्षित फोटो घेऊन वागळे इस्टेटला जाऊन येईपर्यंत गोपीनाथ रिकामी चौकट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिला. त्या दिवशी वैतींना शिव्याही दिल्या नाहीत. बाप घरात नसताना देणं त्याला बरं वाटेना.

गुरुवारी संध्याकाळी हर्षितने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि सगळे पुढे वाकले.

माणूस होता. खराखुरा. गाल बसलेले, कातडी उन्हाने रापलेली, ओठ मिठाने फुटलेले. टोपी एका बाजूला कललेली. डाव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ, आणि डाव्या कानाच्या पाळीचा एक तुकडा नाही. तो माणूस समोर बघत होता आणि फोटो काढणाऱ्याचा त्याला चांगलाच राग आलेला दिसत होता.

"बाबा," गोपीनाथ म्हणाला. साठ वर्षांच्या माणसाने दीड वर्षाच्या आवाजात रडावं तसा तो रडला. मग नाक पुसून त्याने हर्षितच्या पाठीवर हात ठेवला, जो तीन वर्षांत ठेवला नव्हता. "शिकलास ते फुकट नाय गेलं."

"यातली एक पण रेघ मनाची नाही, पप्पा," हर्षितची छाती फुगली. "सगळं मूळ फोटोतलंच आहे. आता हे अंदाज करत नाही, दिसतं तेच दाखवतं. लिहून देतो मी."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

शुक्रवारी कमलेशने फलक छापला. शनिवारी सकाळी टिटवाळ्याहून गोदा आतेला आणलं. गोदाबाई म्हणजे भिवाची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी. भिवाला डोळ्यांनी पाहिलेलं आता नात्यात तेवढंच माणूस उरलं होतं, म्हणून फलकावरचा पडदा तिच्याच हस्ते सरकवायचा होता. दोन महिन्यांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते, आणि तेव्हापासून ती सगळ्या घरांतली जळमटं दाखवत फिरत होती.

"आते, ये, बस," गोपीनाथ म्हणाला. "उद्या लोकांसमोर रडशील, म्हणून आजच दाखवतो."

हर्षित आणि त्याची आई यांनी फ्लेक्सची गुंडाळी अंगणात उलगडली. दहा बाय आठचा फलक फरशीवर पसरला. गोदा आते काठी टेकत त्याच्याभोवती अर्धी फेरी मारून आली. मग म्हणाली,

"गुणाजीचा फोटू कशाला काढलाय रं एवरा मोठा?"



"आते," गोपीनाथ सावकाश म्हणाला, "हा भिवा. तुझा भाऊ."

"माजा भाऊस मना कलत नाय? यो गुणाजी वैती."

"आजी, तुमचं ऑपरेशन आत्ताच झालंय ना," हर्षित म्हणाला. "नीट बघा."

"ऑपरेशन जालं म्हनूनच दिसतंय. यो कान बघ." तिने काठीचं टोक फलकावरच्या डाव्या कानावर ठेवलं. "यो तुकरा मीच पारलाय. दाताने. सात वर्साची होती मी. मी नांगी धरून पकरलेली चिंबोरी यानं पलवली. मी कान धरला तो सोरलाच नाय."

गोपीनाथने हर्षितकडे पाहिलं. "तुझ्या सॉफ्टवेअरने बनवला असेल कान. त्या चष्म्यासारखा."

हर्षितला खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण तो इंजिनियर होता, आणि नव्या आवृत्तीचा त्याला अभिमान होता. "नाही पप्पा. कान मूळ फोटोतच आहे. भिंग घेऊन बघितलं तरी दिसेल."

"मग आते, बेचाळीस वर्षं तू बोलली का नाहीस?" गोपीनाथ ओरडला. "दर दिवाळीला येतेस! दर दिवाळीला हात जोडतेस!"

"तू दाखवलास कदी? अंगठ्याएवरा फोटू, त्याच्यावर हार, त्याच्यावर लायटी. मना टोपी दिसायची तेवरी. आनि टोपी तं सगल्यांची तीच. फोटूवाल्यानं एकच टोपी आनलेली, येईल त्याच्या डोक्यावर ठेवत होता."

हर्षितची आई हळूच म्हणाली, "मग रोज सकाळी तुम्ही गुणाजीला हात जोडून वैतींना शिव्या देत होता."

"तू आत जा," गोपीनाथ म्हणाला.

ती गेली नाही. कोणीच कुठे गेलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला होता आणि तो गोदा आतेने विचारला. "मंग आपला भिवा कुटं हाय?"

हर्षितने समोरच्या घराकडे पाहिलं.

"नाही," गोपीनाथ म्हणाला. "त्या घरात मी पाय ठेवणार नाही."

"तू नको ठेवू. मी जातंय. मना कोन अरवतंय?" आणि म्हातारी काठी आपटत गल्ली ओलांडून गेलीसुद्धा. तिला धरायला म्हणून हर्षित मागोमाग धावला.

दार प्रशांत वैतीने उघडलं. चाळिशीचा, पोट सुटलेला, मुळात गरीब स्वभावाचा माणूस. दारात मढवींचा मुलगा आणि मढवींची म्हातारी बघून त्याचा चेहरा उतरला.

"आजी? बसा ना. काय झालं?"

गोदा आतेने पाणीही मागितलं नाही. ती थेट हॉलमध्ये गेली. तिथे दोन फुटांची सागवानी चौकट होती, दिव्यांची माळ होती आणि मधोमध अंगठ्याएवढी टोपी होती. दोन घरांचं पटत नव्हतं, पण चौकटीवाला एकच असावा.

"यो कोन?" तिने विचारलं.

प्रशांतने एकदा हर्षितकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग दार लावून घेतलं. "तुम्हाला पण कळलं तर."

"तुम्हाला पण म्हणजे?" हर्षित म्हणाला.

"मी फेब्रुवारीतच मोठा केलेला रे. चौकाचा अर्ज भरायचा होता ना. मोबाइलवर एक अॅप घेतलं, स्कॅन करून टाकला. आणि बाहेर हे आलं." त्याने खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. "बघ हे कान. असे कान अख्ख्या माजिवड्यात एकाच घरात आहेत. हा फोटो मी चौकात लावला असता तर लहान पोरांनी पण सांगितलं असतं, गोपीनाथकाका टोपी घालून उभे आहेत म्हणून. मग काय करू? गपचूप अर्ज मागे घेतला."

म्हणजे तो घाबरला होता हे खरंच होतं. फक्त गोपीनाथच्या कानांना.

गोदा आतेने मोबाइल दोन्ही हातांत धरला. तिने पडद्यावरून दोन्ही अंगठे फिरवले, तसा फोटो आणखी मोठा झाला आणि ती दचकली. "भिवा," ती म्हणाली. मग सोफ्यावर बसून तिने हुकूम सोडला, "गोपीला बोलाव."

गोपीनाथ आला. बावीस वर्षांनी वैतींच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मी फक्त आतेला न्यायला आलोय." पण डोळे मोबाइलवर होते. प्रशांतने मोबाइल त्याच्या हातात दिला.

भिवा हसत होता. अर्धवट, चोरून, टोपी आपली नाही हे माहीत असल्यासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंना सुपासारखे कान होते. गोपीनाथने नकळत आपला कान चाचपला.

"आमचा बाप पण त्याच दिवशी गेलेला फोटो आणायला," प्रशांत म्हणाला. "कारकुनाने पत्ते वाटतात तसे वाटले असतील."

"आता काय ते अदलाबदल करून टाका," गोदा आते म्हणाली. "आपापला बाप आपापल्या घरी न्या. संपलं."

दोघांनाही पटलं. प्रशांत स्टुलावर चढून चौकट काढायलाही लागला. आणि तिथेच त्याला कोर्ट आठवलं. तो स्टुलावरून तसाच म्हणाला, "काका, आपण शपथेवर लिहून दिलंय."

"काय?"

"सोबत जोडलेला फोटो माझ्या वडिलांचा आहे. तुम्ही दिलंय. आमच्या बापाने दिलंय, तो गेल्यावर मी आजोबांचा म्हणून दिलंय. फोटो कोर्टाच्या फाइलला लावलेत."

गोपीनाथने वकिलाला फोन लावला. प्रशांतनेही आपल्या वकिलाला लावला. दोन्ही वकील एकमेकांविरुद्ध बावीस वर्षं लढत होते, पण या एका मुद्द्यावर दोघांनी शब्दशः एकच सल्ला दिला. तोंड उघडू नका.

"आणि उद्याचं काय?" गोपीनाथ म्हणाला. "फलकाचं काय? लोक येणार, नगरसेवक येणार. गुणाजीचा चेहरा लावून शेजारी भिवाचं नाव लिहू? कोणीतरी तो कान ओळखेल."

"माझ्याकडचा भिवाचा लावा," प्रशांत म्हणाला.

"आणि कोर्टात कोणी फाइल उघडली तर? चौकात एक बाप, फाइलमध्ये दुसरा?"

दोन्ही चौकटींतल्या फोटोंनी बेचाळीस वर्षं कोणाला त्रास दिला नव्हता. दोन बाप दोन घरांत सुखाने हार घेत होते. फोटो सुधारला आणि दोन दिवसांत ही पाळी आली. सगळ्यांनी वळून हर्षितकडे पाहिलं.

"काय?" हर्षित म्हणाला.

"बिघडव," गोपीनाथ म्हणाला.

"पप्पा, मी क्वालिटी सुधारायचं काम करतो."

"मग सुधार. पहिल्यासारखी वाईट कर."

"तीन वर्षं मी याच्यासाठी..."

"हर्षित," प्रशांत हात जोडून म्हणाला, "भावासारखं सांगतो. काही दिसायला नको. टोपी तेवढी दिसू दे."

हर्षितने मेघनाला फोन करून विचारलं की नवं सॉफ्टवेअर मुद्दाम खराब फोटो देऊ शकेल का. मेघना म्हणाली, तसं बटणच नाही ठेवलं आपण, कोणाला लागेल असं वाटलं नव्हतं. शेवटी सगळे कमलेशच्या दुकानात गेले. कमलेशने सोमवारचा फोटो उघडला, कोपरा धरून ओढला, आणि दहा बाय आठ फुटांत चौकोनच चौकोन झाले.

"मी पहिल्याच दिवशी बोललेलो, नाना," तो म्हणाला. "टोपी क्लिअर येते."

आधीचा फलक, ज्यावर गुणाजी रागाने बघत होता, तो गोपीनाथ जाळायला निघाला होता. प्रशांतने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हा मी नेतो, काका. आमचा आहे तो." घरात दुसरीकडे कुठे मावेना, म्हणून तो त्याने बेडरूममध्ये लावला. एक अख्खी भिंत गुणाजीने व्यापली. प्रशांतची बायको समृद्धी तेव्हापासून त्या खोलीत साडी बदलत नाही.

रविवारी उद्घाटन झकास झालं. गोदा आतेने पडदा सरकवला. चौकात चाळीस-पन्नास तपकिरी चौकोन उभे राहिले आणि त्यांच्यावर एक टोपी. नगरसेवकांनी हार घातला, माइक हातात घेतला आणि फलकाकडे बोट केलं. "काय ते तेज! काय ती करारी नजर! आज अशी माणसं राहिली नाहीत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याला जे हवं ते पुन्हा दिसू लागलं होतं.

पहिल्या रांगेत प्रशांत वैती बसला होता आणि टाळ्या वाजवताना त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या मनाचा मोठेपणा बघून अख्खं माजिवडं गहिवरलं. नाव भिवाचं आणि चौकोन गुणाजीचे, एवढी न्याय्य वाटणी कोर्टाला बावीस वर्षांत जमली नव्हती. शेजारी बसलेला गोपीनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "फोटो आमच्या हर्षितनेच केलाय. मोठ्या कंपनीत आहे. ठरवलं तर कोणाचाही चेहरा असा करून देतो."

सोमवारी सकाळी गोपीनाथने बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून प्रशांतला फोन केला.

"तू पाठवलेला बाबांचा फोटो फाटतोय."

"पाठवताना मोबाइल लहान करतो ना, काका. आपोआप."

"मग डॉक्युमेंट करून पाठव. आता हे पण मी शिकवायचं का तुला? माझा मुलगा याच कामात हाय."

"पाठवतो. आणि काका, आमच्या आजोबांच्या चौकटीतली माळ बंद पडलीय असं बोलत होती समृद्धी. तुमच्या घरातली. जरा बघा ना."

"बघतो," गोपीनाथ म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने स्टूल घेतलं, नवी माळ आणून लावली आणि हारावरची धूळ झटकली.

दावा चालू आहे, तारखा पडताहेत. गोपीनाथचा दिनक्रमही तसाच आहे. अंघोळ झाली की तो भिंतीवरच्या फोटोला हात जोडतो. मग खिशातून मोबाइल काढून, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, त्यालाही हात जोडतो. वैतींना शिव्या द्यायच्या असतील तर मात्र तो आता गच्चीवर जातो. हॉलमध्ये त्यांचा आजोबा असतो. त्याच्यासमोर बरं दिसत नाही.